खाडीकाठच्या रयतेचा कैवारी : कै. दिनकर बाळू पाटील

आपल्या ज्ञातीच्या स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या दिवंगत थोर पुरुषाचे चरित्र द्यावे, हा प्रघात उचितच होय. त्या पुरुषास ज्यांनी डोळ्यांनी पाहिले ती पिढी हळूहळू ओसरते आणि मागे येणाऱ्या मुलांना त्याचे केवळ नाव ठाऊक राहते. कै. दिनकर बाळू पाटील, म्हणजे तुम्हा-आम्हां सर्वांचे दि. बा., यांना जाऊन एक तप उलटून गेले आहे. त्यांच्या नावाच्या पाट्या नाक्यानाक्यांवर दिसतात, जयंती-पुण्यतिथीस हार घातले जातात. परंतु त्यांनी नेमके काय केले, हे दहावीतल्या मुलास विचारले तर तो बहुधा साडेबारा टक्के एवढेच सांगून थांबेल. ते उत्तर चुकीचे नाही. अपुरे मात्र आहे. समुद्रकिनाऱ्याचा नकाशा आखला जातो त्या वेळी किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला कोणी विचारतो की नाही, हा प्रश्न दि. बां. नी उभ्या आयुष्यात सोडला नाही. प्रस्तुत लेखात त्यांचे चरित्र याच एका सूत्राने सांगण्याचा विचार आहे.

ज्या भूमीत त्यांचा जन्म झाला तिचे स्वरूप ध्यानी घेतल्याखेरीज त्यांच्या कार्याचा अर्थ उमगणार नाही. मुंबई बंदराच्या पूर्वेस घारापुरी, न्हावा, शेवा आणि उरण-करंजा ही मूळची बेटे. त्यांच्या अधूनमधून पनवेलची व करंजाची खाडी शिरलेली. दिवसातून दोनदा भरतीचे पाणी आत येई आणि दोनदा मागे सरे. ते पाणी रोखण्यासाठी आपल्या पूर्वजांनी मातीचे बांध घातले, त्यांत उघड्या ठेवल्या आणि खाजणातून भाताची खाचरे काढली. खाचरांच्या बाहेरच्या अंगास मिठागरे, त्यांच्या पलीकडे तिवरांचे रान, मग चिखल आणि मग खाडी, असा हा मुलूख होता. आगरी हे नावच मुळी मिठाच्या आगरावरून पडले असे मानतात. पावसाळ्यात भात, उन्हाळ्यात मीठ आणि बारा महिने मासळी, अशी तीन पायांवर उभी असलेली आपली गृहस्थी होती. एक भाऊ नांगर धरी, तर दुसरा ओहोटी साधून बोकशी लावावयास जाई. घरातील स्त्रिया चिखलात उतरून चिंबोऱ्या, निवट्या व कालवे काढीत आणि पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठीत. खारजमिनीतील तळ्यांत जिताडा व कोळंबी वाढविणारी कुटुंबेही होती. कोळीबांधवांची डोल खाडीच्या मुखाशी लागे. कोणत्या जागी कोणाचे जाळे लागावयाचे, हे गावोगाव ठरलेले होते. मात्र ते कोणत्याही सरकारी दप्तरात लिहिलेले नव्हते. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण पुढे सारे दुखणे तेथूनच उद्भवले.

अशा या मुलखात जासई या गावी १३ जानेवारी १९२६ रोजी दि. बां. चा जन्म झाला. उरण हा त्या काळी पनवेल तालुक्याचाच महाल होता. ते अवघे चार वर्षांचे असताना, २५ सप्टेंबर १९३० रोजी, आपल्या चिरनेरच्या अक्कादेवीच्या माळावर जंगल सत्याग्रह झाला आणि पोलिसांच्या गोळीबारात आठ सत्याग्रही हुतात्मे झाले. ते निरनिराळ्या गावांचे होते आणि निरनिराळ्या जातींचे होते. ज्या रानातून पिढ्यान् पिढ्या लाकूडफाटा आणला, त्या रानाचा कायदा रानाशेजारच्या माणसाला न विचारता झाला होता, हे त्या सत्याग्रहाचे मूळ. त्याच्या पाठोपाठ १९३३ साली अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांविरुद्ध संप पुकारला आणि तो १९३९ पर्यंत, म्हणजे जवळजवळ सहा वर्षे, चालविला. दि. बा. लहानाचे मोठे झाले ते अशा वातावरणात. कष्ट करणाऱ्याने संघटित होऊन आपला हक्क मागावा, ही शिकवण या जिल्ह्यात पुस्तकांपेक्षा शेताच्या बांधावर अधिक मिळत असे.

शेतकऱ्याच्या घरचा हा मुलगा शिकून वकील झाला. त्या काळी खारेपाटातील मुलाने मॅट्रिकपर्यंत पोहोचणे हेच दुर्घट. त्यापुढे जाऊन कायद्याची पदवी घेणे ही तर अपूर्वाई. वकिली करून सुखाने राहणे त्यांस सहज शक्य होते. परंतु ते शेतकरी कामगार पक्षात दाखल झाले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात उतरले. १९५७ साली पनवेल मतदारसंघातून ते प्रथम विधानसभेवर निवडून गेले. पुढे १९६२, १९६७, १९७२ व १९८० या निवडणुकांतही येथील मतदारांनी त्यांनाच कौल दिला. १९७२ नंतरच्या विधानसभेत ते विरोधी पक्षनेते होते. १९७७ व १९८४ साली कुलाबा मतदारसंघाने त्यांना लोकसभेत पाठविले. यांपैकी १९८४ ची निवडणूक विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. इंदिरा गांधींच्या हत्येनंतर देशभर काँग्रेसची लाट उसळली होती आणि त्या पक्षास चारशेहून अधिक जागा मिळाल्या. त्या लाटेतही आपल्या जिल्ह्याने दि. बां. ना सोडले नाही. त्याचे कारण त्याच वर्षाच्या जानेवारी महिन्यात घडले होते.

ते कारण सांगण्यापूर्वी चौदा वर्षे मागे जाणे भाग आहे. मुंबईची दाटी कमी करण्यासाठी खाडीपलीकडे नवे शहर वसवावे, असा निर्णय झाला आणि १७ मार्च १९७० रोजी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन करण्यात आली. ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी त्या शहरासाठी नेमण्यात आल्या. सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्राचा आराखडा तयार झाला. मुंबईतील विद्वान नगररचनाकारांनी तो मोठ्या अभ्यासाने केला, यात शंका नाही. परंतु त्या क्षेत्रात आधीपासून राहणारी माणसे त्या आराखड्यात उपऱ्यासारखी उरली. त्यांची गावठाणे नकाशावर ठिपक्यांप्रमाणे राहिली आणि भोवतालची शेते, मिठागरे व खाजणे ही नव्या शहराची मोकळी जागा ठरली. त्यातच १९७४ साली मुंबई हाय येथे तेल सापडले आणि त्यासाठी उरणच्या किनाऱ्यावर प्रकल्प आला. पाठोपाठ मुंबई बंदरावरील भार हलका करण्यासाठी न्हावा व शेवा येथे नवे बंदर बांधण्याचे ठरले. एकाच तालुक्याच्या माथी शहर, तेल आणि बंदर अशी तिन्ही ओझी आली.

येथे दि. बां. च्या कार्यपद्धतीचा विचार केला पाहिजे. नवे शहर होऊच नये, असा हटवाद त्यांनी धरला नाही. देशाला बंदर हवे आणि मुंबईला विस्तार हवा, हे वकिली केलेल्या व विधानसभेत बसलेल्या माणसास कळत होते. त्यांचा आक्षेप दुसऱ्याच ठिकाणी होता. ज्याच्या भूमीवर हे वैभव उभे राहावयाचे, त्यास एकदा पैसे मोजून वाटेला लावावे, हे त्यांस मान्य नव्हते. एकरी रक्कम हातात पडते, ती लग्नकार्यात व घरदुरुस्तीत संपते, आणि दहा वर्षांनी त्याच जमिनीचा भाव कित्येक पटींनी वाढलेला मूळ मालक आपल्या ओटीवरून पाहत बसतो. म्हणून भूमिपुत्रास नव्या शहरात कायमचा वाटा हवा, असे त्यांचे म्हणणे होते. ही मागणी त्यांनी सभागृहात मांडली, गावोगावच्या सभांतून समजावली, आणि सरकार ऐकेना तेव्हा रस्त्यावर आणली. सभागृह आणि रस्ता या दोन्ही जागा त्यांस सारख्याच परिचयाच्या होत्या, आणि एकीकडचे बोलणे दुसरीकडे बदलत नसे. लोकांचा विश्वास त्यांच्यावर बसला तो यामुळेच.

१९८४ च्या जानेवारीत या लढ्याने रक्ताचा सडा पाहिला. योग्य मोबदल्याखेरीज जमिनीचा ताबा द्यावयाचा नाही, असा निर्धार करून हजारो स्त्री-पुरुष एकवटले. १६ जानेवारी रोजी दास्तान फाट्यावर पोलिसांनी गोळीबार केला आणि चिर्ल्याचे नामदेव शंकर घरत व धुतूमचे रघुनाथ अर्जुन ठाकूर हे धारातीर्थी पडले. दुसऱ्या दिवशी, १७ जानेवारीस, नवघर फाट्यावर पुन्हा गोळीबार झाला आणि पागोट्याचे केशव महादेव पाटील, महादेव हिरू पाटील व कमलाकर कृष्णा तांडेल यांनी प्राण ठेवले. या पाच जणांच्या स्मरणार्थ दरवर्षी आपण एकत्र जमतो. त्यांतील एका नावाकडे मुलांचे लक्ष मुद्दाम वेधावेसे वाटते. तांडेल म्हणजे नौकेचा प्रमुख. जमिनीच्या लढ्यात ज्याचे प्राण गेले त्याचे आडनाव समुद्राचे होते. शेतकरी आणि दर्यावर्दी यांना वेगळे करणे सरकारी कागदावर शक्य असेल, आपल्या गावांत मात्र ते शक्य नाही.

त्या बलिदानाने सरकारला विचार करणे भाग पाडले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ खातेदारास परत देण्याचे धोरण १९९० साली नवी मुंबईत स्वीकारण्यात आले आणि १९९४ साली त्याची पुढील रूपरेषा ठरली. ज्याची शंभर गुंठे जमीन गेली त्याच्या वाट्यास, सार्वजनिक सोयींसाठीची कपात धरून, साडेबारा गुंठ्यांचा हिशेब आला. वरवर पाहता हा अंश लहान दिसेल. परंतु त्यात एक मोठे तत्त्व सामावले आहे. शेतकरी हा केवळ मोबदला घेणारा नसून विकासातील भागीदार आहे, हे सरकारने प्रथमच लेखी कबूल केले. बंदरासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना मात्र याच तत्त्वाच्या अंमलासाठी २०१४ सालापर्यंत तिष्ठत राहावे लागले. नव्या विमानतळासाठी तोच अंश वाढून साडेबावीस टक्क्यांवर गेला. अनेक घरांतील मुले आज शिकली, त्यांचे व्यवसाय उभे राहिले, त्यामागे हा वाटा आहे, हे मान्य केले पाहिजे.

परंतु चरित्रलेखन म्हणजे केवळ गौरव नव्हे. जे साधले त्याबरोबर जे राहून गेले तेही सांगणे हे चरित्रकाराचे कर्तव्य आहे. साडेबारा टक्के कशाचे, तर सातबाऱ्याच्या उताऱ्यावर असलेल्या जमिनीचे. ज्याचे नाव उताऱ्यावर नाही, ज्याची शेती पाण्यात आहे, त्यास हे सूत्र लागू करावे तरी कसे? शेवा बेटावरील गाव बंदरासाठी उठविण्यात आले. तेथील शेतकऱ्यांची वस्ती नवीन शेवा या नावाने व कोळ्यांची वस्ती हनुमान कोळीवाडा या नावाने दुसरीकडे बसविण्यात आली. कोळीवाड्यास मिळालेली जागा अपुरी ठरली आणि तेथील घरे वाळवीने पोखरली गेली. योग्य पुनर्वसनासाठी त्या रहिवाशांना दशकानुदशके झगडावे लागले. घर तरी मोजता येते. डोल लावण्याची जागा, चिंबोऱ्यांचा चिखल, होडी लागण्याचा धक्का, तळ्यात भरतीचे पाणी आणणारा नाला, यांची किंमत कोणी लावली? २६ मे १९८९ रोजी बंदर कार्यान्वित झाले, तोवर किनारा नियमनाची अधिसूचना निघालेली नव्हती. ती १९९१ साली आली. प्रकल्पाच्या पर्यावरणीय परिणामांचा अभ्यास सक्तीचा झाला तो १९९४ साली आणि जनसुनावणी त्यानंतर १९९७ साली. म्हणजे न्हावा-शेव्याचा नकाशा आखला गेला त्या वेळी खाडीतील मच्छीमारास विचारलेच पाहिजे, असे सांगणारा नियमच देशात नव्हता. ज्या काळात दि. बा. लढले त्या काळाच्या कायद्याची ही मर्यादा होती. जमिनीचा कागद हाती असलेल्यास त्यांनी न्यायाच्या दारापर्यंत नेले. ज्याच्या हाती कागद नव्हता, त्याचा न्याय अर्ध्या वाटेवर राहिला.

त्यांच्या उत्तरायुष्याचा वृत्तांत थोडक्यात देतो. ते विधान परिषदेचे सदस्य झाले. १९९९ साली, चार दशकांहून अधिक काळ ज्या पक्षात घालविला तो सोडून ते शिवसेनेत गेले. त्या निर्णयाबद्दल त्या वेळी अनेक घरांत मतभेद झाले. परंतु प्रकल्पग्रस्तांचा प्रश्न निघाला की सर्व पक्षांची माणसे त्यांच्याच पनवेलच्या घरी जमत, हेही तितकेच खरे. प्रकृती खालावलेली असतानाही विमानतळाने बाधित होणाऱ्या गावांची बाजू ते मांडीत राहिले. २४ जून २०१३ रोजी, वयाच्या ८८ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, २०२१ च्या त्याच तारखेस, विमानतळाला त्यांचे नाव द्यावे या मागणीसाठी हजारो भूमिपुत्रांनी सिडकोच्या कार्यालयाकडे धाव घेतली, आणि २०२२ साली राज्य विधिमंडळाने तसा ठराव संमत केला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्या विमानतळाचे उद्घाटन झाले.

नाव दिले की ऋण फिटते असे मात्र समजू नये. दि. बां. नी जे अर्धे काम पुरे केले त्याचा दुसरा अर्धा भाग पाण्यात आहे, आणि त्याची सुरुवात याच तालुक्यातील सामान्य मच्छीमारांनी केली आहे. बंदराच्या चौथ्या टर्मिनलसाठी झालेल्या भरावाने खाडीचे मार्ग अडले व मासेमारी बुडाली, असा दावा घेऊन उरणचे पारंपरिक मच्छीमार राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे गेले. २७ फेब्रुवारी २०१५ रोजी त्या न्यायाधिकरणाने १,६३० कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई द्यावी असा निकाल दिला. बंदर, सिडको व तेल कंपनी या तिघांवर तो भार वाटून टाकण्यात आला. पैसा पदरात पडण्याची वाट सोपी नव्हती, कारण अशा निकालांनंतर वरच्या न्यायालयांची पायरी असते. पण खाडीतील माशावर हक्क सांगणाऱ्याचे नुकसान मोजता येते आणि मोजले पाहिजे, हे त्या निकालाने ठरविले. सातबारा नसलेल्या माणसासही न्यायासनासमोर उभे राहता येते, ही केवढी मोठी गोष्ट आहे!

आज किनाऱ्यावर नवे संकल्प वेगाने येत आहेत. शिवडीहून निघालेला अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. समुद्र ओलांडून तो उतरतो तो चिर्ल्यास, म्हणजे हुतात्मा नामदेव घरत यांच्याच गावाशी. पालघर जिल्ह्यात वाढवण येथील प्रचंड बंदरास २०२४ साली केंद्राने मंजुरी दिली, आणि तेथील मच्छीमारांनी आपल्यापुढे चाळीस वर्षांपूर्वी होता तोच प्रश्न उभा केला. घारापुरी बेटावरील तीन वस्त्यांस समुद्राखालून वीज पोहोचली ती २०१८ साली. मुंबईचे दिवे त्या बेटावरून रोज दिसत होते, तरीही. बेटावरच्या माणसाची गणना शेवटी होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण काय द्यावे?

मात्र दि. बां. च्या काळी नव्हते असे एक साधन आज आपल्या हाती आहे. किनारा नियमनाच्या नियमांनुसार किनारपट्टीचे जे नकाशे होतात, त्यांत मच्छीमारांच्या वस्त्या व त्यांच्या सामाईक वापराच्या जागा दाखवावयाच्या असतात, आणि मसुदा प्रसिद्ध झाल्यावर जनतेच्या हरकती व सूचना मागवाव्या लागतात. हरकतीची मुदत ठरावीक दिवसांची असते. ती वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात छापून येते आणि आपण लग्नसराईत किंवा यात्रेत गुंतलेले असतो. नकाशात जी जागा दाखविली गेली नाही ती पुढे मोकळी समजली जाते, आणि मोकळी जागा भरावासाठी घेतली जाते. म्हणून मंडळाच्या सभासद कुटुंबांस एक विनंती करावीशी वाटते. आपापल्या गावातील खाडीच्या जागांची नावे, कोणत्या जागी कोणत्या घराचे जाळे लागते, कोणत्या नाल्याने कोणत्या तळ्यात पाणी येते, चिंबोऱ्या व कालवे कोठे मिळतात, जाळी व मासळी कोठे वाळत घालतात, हे सारे घरातील वृद्ध हयात आहेत तोवर वहीत लिहून घ्यावे. शाळा-कॉलेजातील मुलांनी ते मोबाईलवरील नकाशात खुणांनिशी नोंदवावे. ग्रामसभेत त्यावर ठराव करून त्याची प्रत जिल्हाधिकारी कचेरीस व मत्स्यव्यवसाय खात्यास द्यावी आणि पोच घ्यावी. आगरी, कोळी, कराडी, कातकरी असा भेद न करता हे काम गावाने मिळून करावे.

हे काम मोर्चासारखे दिसणार नाही आणि त्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येणार नाहीत. परंतु शेतकऱ्याच्या हाती जसा उतारा होता तसा एक कागद खाडीच्या माणसाच्या हाती देण्याचा मार्ग हाच आहे. जासईच्या या वकिलाने जमिनीच्या कागदाच्या आधारे सरकारास भागीदारी मान्य करावयास लावली. पाण्याचा कागद तयार करणे हे त्यांच्या मागे राहिलेल्यांचे काम होय. येत्या १३ जानेवारीस त्यांच्या प्रतिमेस हार घालताना अशी एक वही तिच्यापुढे ठेवता आली, तर जयंती खऱ्या अर्थाने साजरी झाली असे म्हणता येईल.